लोहाक्काच्या सात भाकरी

शाळेतल्या खिचडीचं पातेलं शेगडीवरून उतरवायला दोन माणसं लागतात, असा सरकारचा अंदाज असावा, कारण या कामावर बायका दोन नेमल्या आहेत. अणदूरच्या या शाळेत मात्र ते पातेलं अयोध्या एकटी उतरवते. दुसरी बाई मथुराबाई. तिच्या कंबरेचं दुखणं जुनं, म्हणून ती हातात फडकं धरून बाजूला उभी राहते आणि "जपून गं" म्हणते. आता "जपून गं" म्हणायलाही कुणीतरी लागतंच म्हणा.

अयोध्या अंगानं दणकट. खांदे रुंद, मनगटं पुरुषी, रंग तव्याच्या पाठीचा. वय पन्नाशीला टेकलेलं. सकाळी घरचं उरकून शाळेत यायचं, तांदूळ निवडायचे, डाळ धुवायची, गावभरच्या लेकरांना शिजवून वाढायचं, भांडी घासायची, घरी जाऊन पुन्हा चूल. हिला दमलेली असं कुणी कधी म्हटलं नाही. दणकट माणूस दमत नाही अशी लोकांची समजूत असते. बारीक बाईनं कपाळाचा घाम पुसला तर चार जणी "बस गं जरा" म्हणतात. अयोध्या भिंतीला टेकली तर लोक विचारतात, "काय झालं, पातेलं उतरवायचंय न्हवं?"

गावातली तिच्या वयाची माणसं तिला अजून लोहाक्का म्हणतात. ते नाव कुठून आलं हे सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

अयोध्या दहा-अकरा वर्षांची असताना तिची माय दगडाबाई बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन नळदुर्गला जायची आणि पोरीला बरोबर न्यायची. एसटी स्टँडला लागून बसप्पांचं दुकान होतं. पान, सोडा, बिस्किटं, आणि आडव्या दोरीवर चिमट्यांनी लटकवलेली चित्रकथांची पुस्तकं. विकायला नव्हे, भाड्यानं वाचायला. तिथंच बाकड्यावर बसून वाचायची आणि परत द्यायची. बसप्पा घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि चिडले की दोन्ही बोलायचे. ते चिडायचे ते याच पुस्तकांपायी. कारण गाडीची वाट बघणारा प्रवासी पुस्तक घेऊन बसायचा, गोष्ट अगदी शेवटाला यायची, आणि नेमका तेव्हाच हैदराबादकडच्या गाडीचा हॉर्न वाजायचा. मग काय करणार? गडी शेवटची पानं टरकन् फाडायचा, खिशात कोंबायचा आणि पळत गाडी पकडायचा. त्यामुळं बसप्पांच्या दुकानातल्या एकाही गोष्टीला शेवट नव्हता. वरचं रंगीत कव्हर तर आधीच गळालेलं असायचं.

बसप्पा दगडाबाईला आठवडाभराची मिरची-कोथिंबीर कमी भावात मागायचे, आणि त्या बदल्यात पोरीला फुकट वाचू द्यायचे. तिथंच अयोध्येला लोहाक्का भेटली.

लोहाक्का ही एका धर्मशाळेतली स्वयंपाकीण. एकदा भाकरी थापताना चुलीवरच्या लोखंडी तव्यावर वीज पडते आणि ती सगळी वीज तिच्या हातात उतरते. तेव्हापासून तिच्यात दहा रेड्यांचं बळ. नऊवारी लुगड्याचा कासोटा, रुंद पाठ, कपाळाला आडवं कुंकू. ती दरोडेखोरांची जीप उलटी करायची, फुटक्या बंधाऱ्याला खांदा द्यायची. मात्र एक मेख होती. पोट भरलेलं असेपर्यंतच बळ. उपाशी राहिली की हात गळाले. तिचा दुष्मन सुकामल सावकार हे ओळखून होता, आणि दर गोष्टीत तिला कुठंतरी कोंडून उपाशी ठेवायचा. ती त्यातून कशी सुटते हे पुढच्या पानांवर असायचं, आणि पुढची पानं हैदराबादला गेलेली असायची.

परत आल्यावर गल्लीतली पोरं वाट बघत बसलेली. अयोध्या त्यांना गोष्ट सांगायची. शेवट नाही म्हटलं तर पोरांनी तिला धोपटलं असतं. म्हणून शेवट ती करायची, आणि शेवट दर वेळी एकच. लोहाक्का दार फोडून बाहेर येते, सुकामलाला उचलून उकिरड्यात टाकते, मग गावाच्या पारावर मांडी घालून बसते आणि ठेच्याबरोबर सात भाकरी खाते. सगळं गाव उभं राहून बघतं. पोरं बोटांवर भाकरी मोजायची, आणि सातवी संपली की टाळ्या. ज्या घरांत पोरींना भावानंतर जेवायला बसवत, त्या घरांतल्या पोरींना हा शेवट जास्त आवडायचा. कव्हर कुणी बघितलेलं नव्हतं, आतली चित्रं नुसत्या काळ्या शाईची. म्हणून लोहाक्का काळी, हेही ठरून गेलं. मग एक दिवस कुणीतरी अयोध्येकडं बघून म्हणालं, "आरं, हीच की लोहाक्का!" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. काळी आणि आडवी म्हणून त्याआधी जी नावं पडली होती, त्यांच्यापुढं हे नाव म्हणजे नुसतं सोनं. अयोध्येनं ते जपलं.

दगडाबाईची एक गोष्ट इथं सांगायला हवी, पुढं ती लागणार आहे. अणदूरचा खंडोबा दोन गावांचा. वर्षातले बरेच महिने तो अणदुरात असतो आणि थंडीत नळदुर्गला मुक्कामी जातो. देव तिकडं गेला की इकडचं देऊळ ओकंबोकं. पण दगडाबाई तेव्हाही देवळात जायची आणि उंबऱ्याशी भाकरीचा चतकोर ठेवायची. अयोध्या विचारायची, "माय, देव तिकडं गेलाय, मग ही कुणाला?"

"जागेला," दगडाबाई म्हणायची. "देव यील तवा यील. तवर जागा काय उपाशी ठिवायची व्हय?"

पुढं अयोध्येचं लग्न गावातल्या गावातच झालं. नवरा बलभीम, सरळ माणूस. जमीन थोडी, विहिरीला पाणी बेताचं, भांडण नाही, व्यसन नाही, आणि घरातलं पिठाचं डबडं कुठं असतं हे माहीत नाही. एवढ्यात संसार भागतो. लग्नानंतर लई वर्षांनी हर्षाली झाली. ती आईच्याच साच्यातली. दात यायच्या आधीच ओसरीवरचा पाटा सरकवायला बघायची. खाताना मात्र नखरे. मग अयोध्येनं लोहाक्काला पुन्हा कामाला लावलं. "ही पहिली भाकरी, लोहाक्काचा उजवा हात. ही दुसरी, डावा हात." हर्षाली घास घ्यायची आणि दंड फुगवून दाखवायची. तिच्या लेखी लोहाक्का म्हणजे गावातलीच एक बाई होती, आत्त्याच्या नात्यातली, जी कधीतरी जेवायला येणार होती.

हर्षाली बारावी झाली आणि पोलीस भरतीच्या मागं लागली. या भागातल्या निम्म्या पोरापोरींचं पहाटे एकच काम असतं, रस्त्यानं धावायचं. ती गावाबाहेरच्या मैदानावर बजरंग सरांच्या ॲकॅडमीत जाऊ लागली. धावण्यात ती मागं पडायची, पण गोळा हातात घेतला की मैदान गप्प. सरांनी खुणेला एक पांढरा दगड रोवला होता, त्याच्या पलीकडं गोळा टाकणारी पोरगी एकच. सर म्हणायचे, "गोळ्यात हिला पैकीच्या पैकी. धावण्यात नुसती पास झाली तरी काम झालं." पोरीचं वर्दीवर मन बसलेलं होतं. घरात आरशापुढं ती सलाम ठोकून बघायची, आणि अयोध्या दाराआडून बघायची. एवढ्या वर्षांच्या दगदगीत तिला पुढचं काही दिसत असेल तर ते हेच.

आणि मग तो सिनेमा आला.

तीसेक वर्षं जिला कुणी विचारलं नाही ती लोहाक्का मुंबईच्या कुणा सिनेमावाल्यांना सापडली. त्यांनी आधी तिचं नाव बदललं. पोस्टरवर ती "लोहिनी" झाली. अक्का म्हटलं की तिकीट खपत नसावं. ॲकॅडमीतल्या पोरी सोलापूरला बघायला निघाल्या, तेव्हा हर्षाली म्हणाली, "आई, तू बी चल. तुझीच बाई हाय की." अयोध्येनं शाळेचं काम त्या दिवसापुरतं मथुराबाईच्या गळ्यात मारलं आणि ठेवणीतलं लुगडं नेसली. पहाटे उठून भाकरी थापल्या, शेंगाचटणी आणि घट्ट पिठलं बांधून घेतलं. लोहाक्काला भेटायला जायचं आणि शिदोरी नाही, हे तिला पटणारं नव्हतं.

थेटराच्या दारात निळ्या कपड्यातल्या माणसानं पिशवी उघडली आणि भाकरीचं फडकं बाहेर काढलं. "मावशी, खायचं आत नेता येत न्हाय. जाताना घ्या." त्यानं ते गठुडं एका फळीवर, हेल्मेटं ठेवली होती त्यांच्या शेजारी ठेवलं. आत गेल्यावर बघते तर सगळी माणसं खातच होती. असो.

पडद्यावर लोहिनी आली. गोरी, उंच, चिमणीएवढी कंबर, अंगाला चिकटलेला काळा पोशाख, केस मोकळे. बाई केस मोकळे सोडून मारामारीला गेली! अयोध्येला वाटलं, आता कुणीतरी झिंज्या धरणार. पण कुणी धरल्या नाहीत. हिला बळ कशाचं? मनगटातल्या कड्याचं. ते कडं आकाशातून पडलेलं. तवा नाही, चूल नाही, धर्मशाळा नाही. सुकामलाऐवजी कोट घातलेला कुणी इंग्रजी बोलणारा. तेही अयोध्येनं चालवून घेतलं. काळ बदलतो, माणसानं किती धरून बसायचं? ती फक्त एका गोष्टीची वाट बघत होती. आता बसेल, मग बसेल. जेवेल. लोहिनीनं इमारती पाडल्या, पूल तोलला, विमान धरलं. एवढं सगळं करून ती छपरावर उभी राहिली, वाऱ्यानं केस उडले, आणि दिवे लागले. तीन तासांत त्या बाईनं पाण्याचा घोट घेतला नाही.

बाहेर पोरी खूश होत्या. "काय फिगर हाय गं तिची," एक म्हणाली. मग हसत हर्षालीच्या पाठीत धपाटा घालून पुढं म्हणाली, "तू लोहिनी न्हाय बाई. तू तुझ्या आईच्या गोष्टीतली. लोहाक्का!" तिच्या मनात वाईट नसेल. सगळ्या हसल्या, हर्षालीही हसली. पण अयोध्येनं लेकीचं तोंड बघितलं. ते नाव अयोध्येला मिळालं तेव्हा बक्षीस होतं. लेकीपर्यंत येताना त्याची शिवी झाली होती.

परतीच्या गाडीत अयोध्येनं गठुडं सोडलं. "आज नको काकू," पोरी म्हणाल्या. हर्षालीनं खिडकीबाहेर बघितलं. त्या भाकरी दुसऱ्या दिवशी म्हशीनं खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून हर्षालीचं जेवण कमी होत गेलं. आधी रात्रीची भाकरी गेली, मग सकाळची. लिंबूपाणी, काकडी, मूठभर फुटाणे. विचारलं की, "वजन आड येतंय पळताना." खोटं नव्हतं ते. दोनेक आठवड्यांत हर्षाली धावण्यात जरा पुढं आलीसुद्धा. पण गोळा पांढऱ्या दगडाच्या अलीकडं पडू लागला. दर सकाळी आणखी अलीकडं.

अयोध्या मात्र रोज ताट वाढायची. भाकरी, कालवण, वाटीत दही. झाकून लेकीच्या जागेवर ठेवायची आणि तासाभरानं तसंच उचलायची. बलभीम म्हणायचा, "खात न्हाय तर वाढतीस कशाला?" ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढायची. गावभरच्या लेकरांना हातानं जेवू घालणारी बाई, आणि घरात पोटची पोर उपाशी. हे कुणाला सांगायचं? शाळेतही तेच. पाचवी-सहावीतल्या पोरी ताटं पुढं करून म्हणायच्या, "मावशी, थोडीच वाढा. लोहिनी जेवत न्हाय." अयोध्या पळी घेऊन तशीच उभी राहायची. तिला राग यायला हवा होता. पण रागालाही अंगात त्राण लागतं. तिला नुसता थकवा आला. पाठीत नाही, आत कुठंतरी.

भरतीची मैदानी चाचणी महिन्यावर आली होती, तेव्हा हर्षाली मैदानावर पडली. गोळा मानेला लावला, पाय वळवला आणि डोळ्यांपुढं अंधारी. गोळा हातातून सुटून पायापासून वितीवर पडला. बजरंग सर तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागं एक पोरगी धरायला घेऊन दवाखान्यात गेले. सलाईन लावली. डॉक्टरांनी अयोध्येला बाजूला बोलावलं. "घरात अडचण आहे का काही? खायला मिळत नाही का पोरीला?"

उभ्या गावाला जेवू घालणाऱ्या बाईला हा प्रश्न! सरही खालच्या आवाजात म्हणाले, "काकू, असंच चाललं तर भरतीच्या ग्राउंडला नेऊ नका तिला. तिथं पडली तर वर्ष जाईल, आन पोरीची उमेद बी जाईल."

दुपारी दोघी घरी आल्या. हर्षाली भिंतीला टेकून बसली. अयोध्येनं चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं, आधणाचं पाणी घातलं. भाकरी थापता थापता तिनं जुनंच हत्यार काढलं, दुसरं तिच्याजवळ होतंच कुठं?

"हर्षे, लोहाक्का उपाशी ऱ्हायली की तिचं काय व्हायचं? हात गळायचे का न्हाय? मग शेवटाला काय करायची ती?"

"आई, पुरे की गं."

"सांग तर. पारावर बसून..."

हर्षालीनं मोबाइल काढला. बोटानं काहीतरी वर सरकवलं आणि आईपुढं धरला. "हे बघ. कुणीतरी जुनी पुस्तकं टाकलीत ह्याच्यावर. आख्खी. कव्हरापासून शेवटापर्यंत. सिनेमा आल्यापासून सगळे बघायलेत."

अयोध्येनं पिठाचे हात लुगड्याला पुसले. कव्हरवर लोहाक्का होती, गुलाबी गोरी. काळी नव्हतीच. तिला काळं आपणच केलं होतं. आतली पानं मात्र तीच. तवा, वीज, जीप. सुकामलानं ओढलेली कडी. अयोध्येला वाटलं, मिरच्यांचा वास येतोय, बसप्पांच्या बाकड्याचा खिळा टोचतोय. एक पान आलं आणि ती थांबली. इथपर्यंतच तिनं वाचलं होतं. पुढचं पान हैदराबादला गेलं होतं.

हर्षालीनं पुढचं पान काढलं.

लोहाक्का सुटली होती. सुकामलाच्या हातात बेड्या होत्या. गावजेवण चाललं होतं, पंगती बसल्या होत्या, पाटील, गुरुजी, पोरंबाळं, सगळे जेवत होते. लोहाक्का कमरेला पदर खोचून वाढत होती. खाली लिहिलं होतं, लोहाक्कानं साऱ्या गावाला जेवू घातलं, आणि त्यातच तिचं पोट भरलं.

"आता दुसरं बघ," हर्षाली म्हणाली. दुसऱ्या पुस्तकाचा शेवटही तसाच. तिसऱ्यात तर ती दारात उभी होती आणि आत तिनं वाचवलेले नवरा-बायको जेवत होते. "सात भाकरी कुठंच न्हायत आई. सगळी पुस्तकं बघितली म्या. सिनेमातली जेवत न्हाय, पुस्तकातली बी जेवत न्हाय. एकटी तुझ्याच गोष्टीत जेवती."

चुलीवरची भाकरी फुगली, करपायला लागली, तशी अयोध्येनं ती उतरवून दुसरी टाकली.

"आन तू तरी कुठं जेवतीस?" हर्षालीचा आवाज चढला, मग एकदम फुटला. "म्या तुला कधी बसून जेवताना बघितलंय का? सगळ्यांचं झालं की चुलीपुढं उकिडवं बसायचं, तुकडं गोळा करायचं. शाळंत पातेलं खरवडून खातीस, मथुरामावशीनं सांगितलंय मला. मला म्हणतीस सात खा. तू एक तरी गरम खाल्लीस का?"

खोटं काय होतं त्यात? अयोध्येनं आठवून बघितलं. लग्नात, पहिल्या दिवशी, नवऱ्याबरोबर एका ताटात जेवली होती. त्यानंतर गरम भाकरी तिच्या ताटात पडल्याचं तिला आठवेना. कुणी मनाई केली नव्हती. दगडाबाईही तशीच जेवायची. देवाच्या रिकाम्या जागेला चतकोर ठेवणारी माय स्वतः मात्र शिळं पाण्यात भिजवून खायची. गल्लीतल्या पोरांसाठी सात भाकरींचा शेवट अयोध्येनं जोडला तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि तिला फार भूक लागायची. एवढंच त्या शेवटाचं मूळ. हे तिला आज कळलं, आणि तिला इतकं दमल्यासारखं झालं की हातातलं उलथनंही जड वाटलं.

तेवढ्यात बलभीम रानातून आला. पाय धुऊन, टोपी खुंटीला अडकवून नेहमीसारखा पाटावर बसला. "लेक कशी हाय? आन वाढ लौकर, भूक लागली."

अयोध्येनं तव्यावरची भाकरी काढली. ताट घेतलं. त्यात भाकरी, ठेचा, पिठलं घेतलं. बलभीमनं हात पुढं केला. तिनं ते ताट स्वतःपुढं ठेवलं, भिंतीला पाठ लावली आणि मांडी घातली.

"अगं, मला?"

"पीठ परातीत हाय. तवा तापलाय. थापून घ्या."

बलभीम आधी हसला. मग हसू तोंडावरच राहिलं. अयोध्या घास मोडत होती. पहिल्या घासाला तिला उगाच लाज वाटल्यासारखं झालं, जसं काही दुसऱ्याचं खातेय. ती पाणी प्यायली आणि तिनं दुसरा घास घेतला. भाकरी गरम होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिनं ठेच्यावर ढकललं नाही, येऊ दिलं.

हर्षाली भिंत सोडून पुढं सरकली. बापाकडं बघितलं, चुलीकडं बघितलं, आणि परातीपुढं बसून एक भाकरी थापली. शेकली आणि आईच्या ताटात टाकली. अयोध्येनं ती खाल्ली. हर्षालीनं आणखी एक टाकली. अयोध्येनं लेकीला "खा" म्हटलं नाही. आज तिला फक्त स्वतःचं पोट ऐकायचं होतं.

"किती खाशील?" हर्षालीनं विचारलं.

"सात."

तिसरी अर्धी झाली आणि पोट भरलं. अयोध्येलाच नवल वाटलं. आपल्याला किती लागतं हे तिला या वयात समजत होतं. अर्धी भाकरी ताटात राहिली. हर्षाली त्या अर्ध्या भाकरीकडं बघत होती. मग तिनं हळूच हात पुढं केला आणि आईचं ताट आपल्याकडं ओढलं.

अयोध्येनं ताटावर हात ठेवला. "उष्टं न्हाय खायचं. तुकडं न्हाय खायचं. ह्या घरात आता कुणी बाईनं तुकडं खायचं न्हाय. ताट घे दुसरं. बस माझ्याजवळ."

हर्षालीनं ताट घेतलं आणि आईला चिकटून बसली. ताट रिकामं होतं. परातीतलं पीठही संपलं होतं. दोघींनी चुलीकडं बघितलं. चुलीपुढं बलभीम होता. त्यानं तीन डबे उघडून चौथ्यात पीठ शोधलं होतं, आणि ते परातीत ओतताना निम्मं मांडीवर सांडलं होतं.

"पाणी गार घालायचं का ऊन?" त्यानं विचारलं.

"ऊन," अयोध्या म्हणाली. भिंतीला टेकलेली पाठ तिनं काही हलवली नाही.